घरात पाणी भरलं तर: उपसण्यापासून वाळवण्यापर्यंत

लादीवर पाणी दिसलं की हात आपोआप फडक्याकडे जातो. पण आधी वीज. मेन स्विचपर्यंत कोरड्या पायांनी पोचता येत असेल तरच तो स्वतः पाडा. मध्ये पाणी असेल, तर घरात न शिरता इमारतीच्या मीटरच्या जागेवरून तुमची लाइन बंद करून घ्या. जमिनीलगतचे प्लग पॉइंट आणि पलंगाखाली सरकवलेले एक्स्टेंशन बोर्ड पाण्यात बुडालेले असतात, हे विसरू नका. इन्व्हर्टर असेल तर मेन पाडून भागत नाही. त्याच्या लाइनमध्ये वीज राहतेच, म्हणून तोही वेगळा बंद करावा लागतो. आरसीसीबी (विजेची गळती झाली की आपोआप पडणारा स्विच) पडला असेल तर तो पुन्हापुन्हा वर करून पाहू नका, विजेची गळती आहे म्हणूनच तो पडला आहे.

मग पाणी कुठून येतंय ते शोधा. बहुतेकदा वॉशिंग मशीनचा इनलेट पाइप निसटलेला असतो, फ्लश टँकची कनेक्शन नळी फुटलेली असते, किंवा पाणी गेलेलं असताना उघडा राहिलेला नळ पाणी आल्यावर वाहत राहिलेला असतो आणि खाली सिंकमध्ये भांडी असतात. त्या जागेचा अँगल कॉक, म्हणजे नळी भिंतीला जोडलेली असते तिथला छोटा व्हॉल्व्ह, फिरवून बंद करा. वर्षानुवर्षं न हललेला कॉक जोर लावला तर हातात येतो, म्हणून तो जाम वाटला की सरळ घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला आधीपासून माहीत हवं.

पाणी लादीवरच्या सांडपाण्याच्या जाळीतून उलटं वर येत असेल तर गोष्ट वेगळी. इमारतीची ड्रेनेज लाइन पुढे तुंबली आहे आणि वरच्या मजल्यांचं पाणी तुमच्या घरात उतरतंय. इथे तुमचा व्हॉल्व्ह बंद करून काही होत नाही. वरच्या सगळ्यांना नळ आणि फ्लश थांबवायला सांगा आणि लाइन मोकळी करणाऱ्याला बोलवा. हे मैलापाणी आहे. रबरी बूट आणि हातमोजे घातल्याशिवाय त्यात उतरू नका, मुलांना दूर ठेवा.

खालच्या घराला लगेच कळवा. पाणी स्लॅबमधून त्यांच्या दिव्यांच्या पॉइंटपर्यंत उतरू शकतं, त्यामुळे त्यांनीही त्या खोलीची वीज बंद करावी. फॉल्स सीलिंगला फुगा आला असेल तर खाली बादली ठेवून, बाजूला उभं राहून त्याला लहान भोक पाडायचं. नाहीतर भिजलेलं सगळं सीलिंग एकदम कोसळतं.

काहीही हलवण्याआधी फोटो काढा: पाण्याची पातळी, फुटलेला भाग, भिजलेलं सामान. विमा असेल तर फुटलेली नळी फेकू नका, पुरावा तोच.

उपसण्याचा हिशेब सोपा आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लीटर. 12 चौरस मीटरच्या खोलीत 2 सेंटीमीटर पाणी साचलं, तर ते 240 लीटर, म्हणजे 15 लीटरच्या 16 बादल्या. फडक्याने पिळत बसलात तर दिवस जाईल. सुपलीने भरून घ्या, मग वायपरने जाळीकडे ओढा, फडकं शेवटी. व्हॅक्यूम वापरायचा असेल तर ओलं ओढणाराच वापरा, तोही कोरड्या जागेतल्या पुरवठ्यावर. गाळ असेल तर तो जाळीत ढकलू नका, जाळीखालचा ट्रॅप (पाणी धरून ठेवणारं वळण) तुंबतो.

लादी चकचकीत दिसली की काम संपलं असं वाटतं आणि फसगत तिथेच होते. पाणी टाइल्सखालच्या भरावात, स्कर्टिंगमागे (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीमागे) आणि प्लास्टरमध्ये मुरलेलं असतं. भिंत ते वरपर्यंत ओढून घेते, म्हणून ओल पाण्याच्या पातळीच्या बरीच वर दिसते. बुरशी धरायला 24 ते 48 तास पुरतात. तेव्हा पहिल्याच दिवशी कपाटं आणि पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढा, पायांखाली लाकडी ठोकळे द्या, ड्रॉवर बाहेर काढा. लाकडी स्कर्टिंग उचकटून काढलं तर मागची भिंत श्वास घेते. लॅमिनेटच्या फ्लोअरिंगखाली पाणी गेलं असेल तर वरून पंखा लावून काही उपयोग नाही, पट्ट्या उचलाव्याच लागतात.

पंखे भिंतीवर तिरके मारा. बाहेरची हवा कोरडी असेल तर खिडक्या उघड्या ठेवा. बाहेर पाऊस किंवा दमट हवा असेल तर खिडक्या लावून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) किंवा एसीचा ड्राय मोड चालवा. उघड्या खिडकीतून तेव्हा ओलच आत येते. अर्थात हे सगळं इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासून दिल्यावर.

सामानात निवड करावी लागते. सागवानी किंवा इतर भरीव लाकूड सावलीत, हळूहळू वाळवलं तर टिकतं. उन्हात ठेवलं की वाकतं. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) एकदा फुगला की पूर्ववत होत नाही, त्यावर वेळ घालवू नका. मैलापाण्यात भिजलेल्या गाद्या, उशा आणि सोफ्याचा फोम टाकूनच द्या. महत्त्वाची कागदपत्रं आणि फोटो लगेच वाळवता येत नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि नंतर सावकाश सुटी करता येतात. भिजलेला फ्रिज किंवा वॉशिंग मशीन वरून कोरडं दिसलं तरी लावून पाहू नका. मोटरच्या वेटोळ्यात पाणी असताना वीज दिली, तर दुरुस्त होणारी वस्तू जळते.

घाण पाणी आलं असेल तर आधी साबणाने गाळ पूर्ण धुवा, कारण गाळ असताना ब्लीचचा जोर वाया जातो. मग सुमारे 5 टक्क्यांचं घरगुती ब्लीच, 1 लीटर पाण्याला 60 मिलिलीटर, लादीवर 10 मिनिटं राहू द्या आणि धुऊन टाका. बाथरूमचं ॲसिड किंवा अमोनिया असलेलं क्लीनर त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

रंगाची घाई नको. ओल्या भिंतीवर रंग दिला की पोपडे येतात, लोणा फुटतो आणि खर्च दुप्पट. साधारण हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि 24 तासांनी पाहा. आतून घाम आला असेल तर पंखे चालू ठेवा, आठवड्याने पुन्हा तपासा. जाड प्लास्टरला कित्येक आठवडे लागू शकतात.