केळीचा युरिया विहिरीत आणि तापीत जाऊ नये म्हणून

केळीची बहुतेक मुळं वरच्या दीड फुटात असतात. त्याखाली उतरलेलं नत्र (युरियातला नायट्रोजन) झाडाच्या कामाचं राहत नाही. ते विहिरीत उतरतं, नाहीतर सुकी, मोर, अनेर या उपनद्यांच्या वाटेने तापीत जातं. तापी हातनूर, प्रकाशा, उकाई इथली धरणं-बंधारे ओलांडून सुरतेजवळ खंभातच्या आखाताला मिळते. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा स्फुरदावर (फॉस्फरसवर) अडते, खाऱ्या पाण्यात मात्र ती बऱ्याचदा नत्रावर अडते. म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या बागेतून निसटलेला युरिया आखातातही शेवाळ पोसू शकतो.

नत्र निसटण्याला खताच्या मात्रेपेक्षा पाणी जास्त कारणीभूत असतं, आणि नेमकं तिकडेच आपलं लक्ष कमी असतं. जमिनीत पडल्यावर युरियाचं काही दिवसांत अमोनियम होतं. अमोनियमला काळी माती धरून ठेवते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्याचं नायट्रेट बनतं आणि नायट्रेटला माती धरत नाही. त्यातही पहिले दोन-तीन दिवस युरिया युरियाच्याच रूपात असतो, तेव्हा तो पाण्याबरोबर सरळ खाली जातो. खत सोडल्या रात्री ऑटो स्टार्टरवर (वीज येताच मोटर आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रावर) मोटर सकाळपर्यंत चालली, तर त्या हप्त्याचं बरंचसं खत मुळांखाली गेलं असं धरा.

म्हणून आधी ठिबक संच किती वेळ चालवायचा ते ठरवा. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील तर झाडाला तासाला ८ लिटर मिळतात. ऐन उन्हाळ्यात मोठ्या झाडाची गरज १६ लिटरच्या आसपास धरली, तर संच दोन तास पुरतो. चार तास चालवलात तर अर्धं पाणी वाया. दुसऱ्या दिवशी ड्रिपरखाली खड्डा घेऊन ओल किती खोल गेली ते पाहा. दीड फुटाखाली चिखल लागला तर वेळ कमी करा. मोटरला टायमर बसवा. वीज बऱ्याचदा रात्री येते, त्यामुळे याला पर्याय नाही.

खत सोडताना पहिला एक तृतीयांश वेळ साधं पाणी, मधला एक तृतीयांश खत, आणि शेवटी नळ्या धुण्यापुरतंच साधं पाणी. हे ‘धुण्यापुरतं’ किती ते एकदा मोजून ठेवा. टाकीत खाण्याचा रंग टाका आणि शेवटच्या ड्रिपरला रंग दिसेपर्यंतची मिनिटं मोजा. नळ्या धुवायला तेवढीच मिनिटं लागतात. त्यापुढचं पाणी खत खाली ढकलतं.

मात्रेसाठी ठिबकचं प्रचलित वेळापत्रक पुरेसं आहे. १००० झाडांना दर आठवड्याला: १ ते १६ आठवडे युरिया ४.५ किलो, मोनो अमोनियम फॉस्फेट ६.५ किलो, पांढरं पोटॅश ३ किलो. १७ ते २८ आठवडे युरिया १३.५ किलो, पोटॅश ८.५ किलो. २९ ते ४० आठवडे युरिया ५.५ किलो, पोटॅश ७ किलो. ४१ ते ४४ आठवडे फक्त पोटॅश ५ किलो. झाडामागे हे सुमारे १५० ग्रॅम नत्र होतं. जमिनीतून देण्याची शिफारस २०० ग्रॅमची आहे, पण ठिबकने तीन चतुर्थांशात भागतं. साडेतेरा किलो एकदम सोडू नका, साडेचार-साडेचारचे तीन हप्ते करा. वरून मुठीने युरिया फेकणं बंदच करा. आपल्या चुनखडीयुक्त, विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत उघड्यावर पडलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो, आणि उरलेल्यातला काही पहिल्या जोरदार सरीत बांधाबाहेर वाहतो.

मृगबागेचे (जून-जुलैत लावलेल्या बागेचे) मोठे हप्ते पावसाळा ओसरल्यावर येतात, तिथे धोका कमी. कांदेबागेकडे (पावसाळ्यानंतर लावलेल्या बागेकडे) जास्त लक्ष द्या. ऑक्टोबरात लावलेली बाग २९व्या आठवड्यात मे महिन्यात पोहोचते आणि पुढचे हप्ते थेट पावसात पडतात. तोवर उन्हाने काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात आणि पहिला पाऊस त्यांतून सरळ खाली उतरतो. पावसाआधी ओळींमधून हलकी कोळपणी करून भेगा बुजवा. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर त्या आठवड्याचा युरिया थांबवा आणि वाफसा आल्यावर (जमिनीतलं जादा पाणी ओसरल्यावर) द्या. राहिलेले दोन हप्ते एकत्र करून देऊ नका.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, असं दोनदा तपासा. नमुना स्वच्छ बाटलीत घ्या, थंड ठेवा आणि २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी पिऊ नका, तान्ह्या बाळाच्या दुधात तर मुळीच वापरू नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. हेच पाणी बागेला मात्र नत्र देतं. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. झाडाला रोज १५ लिटर, ३०० दिवस दिलं तर ४५ ग्रॅम नत्र पाण्यातूनच गेलं. १००० झाडांमागे ते युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्यांहून थोडं जास्त होतं. सगळं झाडाला लागतं असं धरू नका, पण एक गोणी कमी करायला हरकत नाही.

नाल्याच्या काठापर्यंत नांगरू नका. पाच-सहा मीटर पट्टा गवताला किंवा वाळ्याला सोडा, आणि शेतातला चर थेट नाल्यात न काढता सखल कोपऱ्यातल्या खड्ड्यात किंवा शेततळ्यात उतरवा. ते पाणी गाळून पुन्हा ठिबकला घेता येतं. घड कापल्यावर खोडं नाल्यात लोटू नका, त्यांतलं नत्र थोडं असलं तरी कुजताना ते पाण्यात जातं. कोयत्याने हातभर तुकडे करून दोन ओळींमध्ये पसरा. खोडात कर्ब भरपूर आणि नत्र कमी असतं, त्यामुळे कुजताना ते मातीतलं मोकळं नायट्रेट काही काळ बांधून ठेवतं. फक्त तुकडे पिलाच्या बुंध्यापासून फूटभर लांब ठेवा, नाहीतर कंद पोखरणाऱ्या सोंड्या किड्याला आसरा मिळतो.