बँक बंद की ऑफिस बंद?
नागपुरात इतवारीतल्या दुकानाचे हिशेब मी सांभाळते. कॅलेंडरातला लाल आकडा बघून बँकेचं काम ठरवू नका, हे कळकळीनं सांगते. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या सुट्ट्यांच्या यादीत ‘नागपूर’ बघा, मुंबई नव्हे.

शनिवार नीट मोजा. बँका दुसऱ्या-चौथ्या शनिवारीच बंद. राज्य सरकारची बहुतेक ऑफिसं २०२० पासून सगळ्याच शनिवारी. म्हणजे तिसऱ्या शनिवारी डीडी काढता येईल, पण सिव्हिल लाइन्सला कलेक्टर ऑफिसात तो घ्यायला कोणी नसेल. १ एप्रिलला उलटं: ऑफिस चालू, बँक वार्षिक हिशेबासाठी बंद. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाला, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, तेव्हा ती बँकेलाही असेल असं धरून चालू नका.

आणि कर्जाचा हप्ता? ऑगस्ट २०२१ पासून तो सुट्टीच्या दिवशीही कापला जातो. पैसे आदल्या दिवशीच खात्यात ठेवा.