खलनायकाचा दरारा कुठे हरवतो? मिनिएचर रंगवताना या चुका टाळा

वॉरगेम म्हणजे टेबलावर मिनिएचर (छोटे पुतळे) मांडून खेळायचा युद्धाचा खेळ. त्यातल्या खलनायकाला रंगवणारा पाहतो वीस सेंटीमीटरवरून, दिव्याखाली आणि एकट्याला. खेळणारे पाहतात साठ ते नव्वद सेंटीमीटरवरून, वरून खाली आणि इतर पन्नास मिनिएचरच्या गर्दीत. बहुतेक चुकांचं मूळ या फरकात आहे. काटे, कवट्या, रक्त, साखळ्या सगळं जागेवर असतं, तरी टेबलावर ठेवला की तो एक काळपट ठिपका होतो. दरारा आधी बाह्याकृतीत असतो, मग उजेड-अंधारात आणि सगळ्यात शेवटी तपशिलात. काम मात्र बरेच जण उलट्या क्रमाने करतात.

रंगाआधीच हरलेली लढाई: बाह्याकृती

पहिली चूक प्रायमर (रंगाआधीचा पायाभूत थर) मारण्याआधीच होऊन जाते. तलवार छातीवर आडवी, डोकं खांद्यांत रुतलेलं, झगा दोन्ही बाजूंनी अंगाला चिकटलेला. अशा मिनिएचरची बाह्याकृती बटाट्यासारखी दिसते आणि तिला कोणताही रंग वाचवू शकत नाही.

तपासणी सोपी आहे. सुटे भाग गोंदाने न चिकटवता चिकटमातीच्या छोट्या गोळ्यांनी तात्पुरते जोडा. मागे पांढरा कागद, कागदामागे दिवा, आणि मोबाइलवर फोटो. फोटोत फक्त काळी सावली उरली पाहिजे. त्या सावलीत डोकं कुठे, हत्यार कुठे, तोंड कोणत्या दिशेला हे ओळखू आलं नाही, तर मांडणी बदला. हत्यार धडापासून दूर न्या, म्हणजे हात आणि कंबर यांच्यामध्ये मोकळी जागा दिसेल. ही मोकळी जागा फार कामाची असते. काट्यांचंही तसंच. दोन्ही खांद्यांवर, गुडघ्यांवर, शिरस्त्राणावर, बेसवर (मिनिएचर ज्यावर उभं असतं त्या चकतीवर) सगळीकडे काटे असले की कडा नुसती करवतीसारखी दिसते आणि एकही काटा नजरेत भरत नाही. अति तिथे माती. एका खांद्यावरचे काटे ठेवा, बाकीचे कटरने कापून घासून टाका.

डोक्याचा कोन ही आणखी एक दुर्लक्षित गोष्ट. समोर सरळ पाहणारा चेहरा फोटोसाठी उभा राहिल्यासारखा वाटतो. हनुवटी दहा-पंधरा अंश खाली झुकवली की भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि तो बेसखालच्या कुणाकडे तरी पाहतोय असं वाटतं. मानेचा सांधा बारीक करवतीने कापून १ मिमीच्या ड्रिलने दोन्हीकडे भोक पाडा, पितळी तार घाला आणि सुपरग्लूने बसवा. फट उरली तर दोन घटकांची इपॉक्सी पुट्टी समप्रमाणात मळून भरा. साधारण तासभर ती आकार घेते, पण घासकामासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. पुट्टी बोटांना चिकटत असेल तर बोटं आणि हत्यार दोन्ही पाण्याने ओली ठेवा.

प्लास्टिकच्या भागांना प्लास्टिक सिमेंट लागतं, ते पृष्ठभाग विरघळवून जोड एकजीव करतं. रेझिन आणि धातूवर त्याचा काहीच उपयोग होत नाही, तिथे सुपरग्लूच हवा. रेझिनची तलवार किंवा भाला वाकडा आला असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात धरा. साच्यातून आलेल्या रेझिनवर तेलकट थर असतो. साबणाच्या पाण्याने तो धुतला नाही, तर पुढे टेप किंवा नख लागलं की रंग पापुद्र्याने निघतो.

आणि साच्याच्या जोडाची रेघ. ती शिरस्त्राणावरून किंवा गालावरून गेली असेल आणि तशीच राहिली, तर वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) टाकल्यावर जखमेसारखी उठून दिसते. चाकूची पाठ वापरून खरवडा.

मोठा दिसावा म्हणून बेसच मोठा

खलनायकाला २५ मिमीच्या बेसवरून ३२ किंवा ४० मिमीवर नेलं की तो रुबाबदार दिसतो हे खरं आहे. पण आधी खेळाचे नियम पाहा. बेसचा आकार बदलला की हालचाल, अंतर आणि किती शत्रू भिडू शकतात हे सगळं बदलतं, आणि समोरचा खेळाडू हरकत घेऊ शकतो. उंचीचंही तेच. कॉर्कचा ३ ते ५ मिमी थर पुरेसा असतो. त्याहून उंच कड्यावर उभा केला, तर प्रत्यक्ष नजरेच्या रेषेवर चालणाऱ्या खेळात तो प्रत्येक तोफेला दिसायला लागतो. खलनायक दुसऱ्याच फेरीत मरतो, मग रुबाब कसला?

त्यापेक्षा मापाची तुलना द्या. पायाशी पडलेलं शत्रूचं शिरस्त्राण, मोडका भाला, दोन पायऱ्या. नजर या ओळखीच्या वस्तूंवरून त्याची उंची मोजते. खडक मात्र त्याच्या गुडघ्यापेक्षा उंच नको, नाहीतर नाकापेक्षा मोती जड.

काळ्या चिलखताचा खलनायक काळ्या ज्वालामुखीच्या बेसवर ठेवणं ही तर नेहमीची चूक. त्याचे पाय जमिनीत विरघळतात. फिकट राख, बर्फ, वाळलेलं गवत किंवा मातकट दगड घ्या. उलट, फिकट हाडांचा राजा असेल तर जमीन गडद ठेवा. पायांखाली पातळ गडद तपकिरी वॉश द्यायला विसरू नका, नाहीतर मिनिएचर तरंगताना दिसतं.

काळा रंग काळाच ठेवणं

खलनायकाला काळा हवाच, आणि चुकाही इथेच सगळ्यात जास्त होतात. अंगभर शुद्ध काळा दिला की सावलीसाठी त्याहून गडद काहीच उरत नाही. मग हायलाइट (उजेड पडणाऱ्या भागांवरचे फिकट थर) सगळीकडे राखाडी दिले जातात आणि काळा झगा राखाडी होऊन बसतो.

मूळ रंग शुद्ध काळा नको. काळा ३ भाग आणि गडद निळा १ भाग घ्या, शुद्ध काळा फक्त घड्यांच्या तळाला ठेवा. पहिल्या हायलाइटसाठी याच मिश्रणात तितकाच निळसर राखाडी मिसळा आणि फक्त वर तोंड केलेल्या भागांवर द्या. शेवटचा फिकट राखाडी अगदी कडेच्या टोकांवर. दोन्ही मिळून पृष्ठभागाचा सहावा-पाचवा हिस्सा झाकला गेला तर पुरे. त्यापुढे गेलात तर रंग काळा राहत नाही. आधीच जास्त झालं असेल तर सगळं पुन्हा रंगवायची गरज नाही. काळ्या वॉशचा पाण्याने पातळ केलेला हात फिरवा आणि फक्त कडा परत उजळा.

सगळे काळे सारखेही नकोत. कापडाचा काळा तपकिरीकडे झुकलेला आणि मऊ, चिलखताचा निळसर आणि तीक्ष्ण कडांचा, चामड्याचा तपकिरी ओरखड्यांचा. तिन्ही एकाच राखाडीने उजळले, तर माणूस एका कोळशातून कोरल्यासारखा दिसतो.

उजेडाची दिशा प्रायमरच्या वेळीच ठरवून घ्या. आधी सगळीकडून काळा प्रायमर, मग वरून सुमारे ४५ अंशांच्या कोनातून राखाडी, आणि शेवटी थेट डोक्यावरून अगदी थोडा पांढरा. स्प्रेचा कॅन २० ते ३० सेंमीवर धरा. फार लांबून मारलात तर रंगाचे थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत होतो. फार जवळून मारलात तर तपशील बुजतो. खरखरीत झालेला प्रायमर सुकल्यावर जुन्या कडक टूथब्रशने हलकासा घासून पाहा. नाही सुधारला तर रंग काढून पुन्हा सुरुवात केलेली बरी, कारण वरचा प्रत्येक थर तो दोष अधिकच दाखवतो.

लाल, सोनेरी आणि तो गुलाबी अपघात

लाल उजळायला पांढरा मिसळला की गुलाबी होतो. नारिंगी मिसळा, शेवटच्या टोकाला नारिंगीत थोडा त्वचेचा रंग. सावलीला काळ्याऐवजी गडद जांभळट तपकिरी.

सोनेरी जितकं कमी तितकं महाग दिसतं. प्रत्येक कडेला सोनं दिलं की तो खलनायक न राहता मिठाईचा डबा होतो. तपकिरी थरावर सोनेरी द्या, तपकिरी वॉश फक्त खाचांत, आणि उंच कडांवर सोनेरी-चंदेरी समान मिसळून एक बारीक रेघ. वॉश सगळीकडे ओतला तर सुकल्यावर कडेला पाण्याच्या डागासारख्या रेघा पडतात. ओला असतानाच स्वच्छ दमट ब्रशने तो उचलून घ्या. सुकून गेला असेल तर सपाट भागांवर मूळ रंग पुन्हा लावण्याला पर्याय नाही.

चमकणारे डोळे, पेटलेली तलवार

चमक काढताना रंगवणाऱ्याचा हात सैल सुटतो. हिरवी चमक असलेल्या तलवारीमुळे छाती, मांडी, बेस आणि पाठसुद्धा हिरवी होते! पाठीला तलवार दिसते का? चमक फक्त तिच्याकडे तोंड केलेल्या पृष्ठभागांवर पडते. शिवाय अंतर दुप्पट झालं की प्रकाश एक चतुर्थांश होतो, म्हणजे रंग झपाट्याने विरायला हवा. २८ मिमीच्या मिनिएचरवर चमक सेंटीमीटरभर पसरली तर ती माणसाच्या मापाने सुमारे दोन फुटांवर पोहोचली म्हणायची.

दुसरी गफलत अशी की तलवार गर्द हिरवी आणि तिचा उजेड मात्र फिकट पिवळट. व्हायला हवं उलट. उगम सगळ्यात फिकट, जवळजवळ पांढरा. त्याभोवती फिकट हिरवा. आणि लांब गेल्यावर गर्द हिरव्याची पातळ झिलई. भोवतालचा भाग आधीच उजळ असेल तर चमक दिसणारच नाही. तो आधी गडद करा.

डोळ्यांचंही गणित तेच. शुद्ध पांढऱ्या डोळ्यात काळा ठिपका दिला की क्रूर सरदार दचकलेला दिसतो. आधी खोबणीत गडद जांभळट तपकिरी भरा, मग मळकट पांढऱ्याची आडवी रेघ, आणि काळा ठिपका वरच्या पापणीला चिकटवा. तापलेले डोळे हवे असतील तर लाल, आत नारिंगी, मध्यभागी पिवळ्याचा सुईच्या टोकाएवढा ठिपका. खालच्या पापणीवर लालाचा एक पातळ स्पर्श. डोळे चुकले तर पांढऱ्याने दुरुस्त करत बसू नका, खोबणी गडद रंगाने भरा आणि नव्याने सुरुवात करा. सारखे थर देत राहिलात तर पापणीच बुजते.

सैन्याच्या मध्ये उभा केल्यावर

सरदार रंगवून झाला की त्याचे रक्षकही तितक्याच जिद्दीने रंगवले जातात आणि तो त्यांच्यात हरवतो. रक्षकांना दोन थर कमी द्या, शेवटचा फिकट हायलाइट देऊच नका. एक रंग सगळ्या सैन्यात सारखा ठेवा, पण तो त्याच्या अंगावर सगळ्यात गर्द असू दे. सगळे एकत्र उभे करा, फोटो कृष्णधवल करा. नजर पहिल्यांदा सरदाराच्या चेहऱ्यावर गेली पाहिजे. झेंड्यावर किंवा कुणाच्या ढालीवर गेली तर ती ढाल वॉशने दाबा.

शेवटच्या दिवशी होणारा घात

मॅट (न चमकणाऱ्या) वार्निशचा स्प्रे दमट हवेत मारला की पांढरट धुकं पसरतं आणि महिनाभराचा काळा राखाडी होतो. पावसाळी दिवस टाळा, कॅन मिनिटभर तरी हलवा, आणि आधी एखाद्या टाकाऊ मिनिएचरवर मारून पाहा. धुकं आलंच तर ब्रशने ग्लॉस (चमकदार) वार्निशचा पातळ थर द्या. बहुतेक वेळा धुकं त्यात विरून जातं. सुकल्यावर ब्रशनेच मॅट लावा.

रक्त, डोळे आणि ओले दात यांवरचा ग्लॉस या मॅट थरानंतर द्यायचा, आधी नाही. रक्तासाठी गडद लालात काळ्या-तपकिरीचा थेंब टाका आणि हत्यारावर फक्त धारेजवळ लावा. मुठीपर्यंत माखलेल्या तलवारीवर तासभर खपून रंगवलेली धार कुणालाच दिसत नाही.