इंग्लंडच्या खेड्यात नातेवाइकांकडे जाताय? या चुका टाळा

"लंडनला जातोच आहोत, तर एक दिवस भाच्याकडे डोकावून येऊ." बेत फसतो तो इथेच. एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) डॉक्टर असलेली आपली बरीच मंडळी डॉर्सेट, डेव्हन, श्रॉपशरकडच्या लहान गावांतून राहतात. स्टेशनबाहेर टॅक्सी उभी असेलच असं नाही. तुम्हाला आणायला यायचं तर भाच्याला ड्युटी बदलून घ्यावी लागते, आणि ते तो तोंडाने बोलणार नाही. दोन रात्री तरी राहा आणि तारीख महिनाभर आधी कळवा. शक्यतो रविवारी पोहोचू नका. कित्येक खेड्यांत त्या दिवशी बसच नसते, आणि रुळांची कामंही बरीचशी शनिवार-रविवारीच काढतात.

स्वस्त तिकिटाचा मोह

'ॲडव्हान्स' तिकीट स्वस्त असतं, पण ते त्या एकाच गाडीपुरतं. विमान उशिरा उतरलं की पैसे पाण्यात. हीथ्रोहून थेट गावी जायचं असेल तर 'ऑफ-पीक' घ्या, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून त्या मार्गावरची पुढची गाडी धरता येते. बरोबरचे कोणी साठीच्या पुढचे असतील तर सीनियर रेलकार्ड काढा, बहुतेक भाड्यांत एक तृतीयांश सूट मिळते.

स्टेशनाच्या नावापुढची काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, हीही वाचा. गिलिंगहॅम केंटमध्ये आहे, तसं डॉर्सेटमध्येही आहे. डॉर्सेटची गाडी लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून सुटते आणि साधारण दोन तास घेते. केंटचं गिलिंगहॅम लंडनच्या अगदी दुसऱ्या बाजूला आहे.

पोस्टकोडवर भिस्त

शहरात नकाशाच्या ॲपमध्ये पोस्टकोड (तिथला पिनकोड) टाकला की दारात पोहोचता. खेड्यात एकाच पोस्टकोडमध्ये लांबवर विखुरलेली घरं येतात, त्यांना नंबर नसून नावं असतात, आणि नावाची पाटी वेलीखाली गेलेली असते. त्यात मोबाइलची रेंज गुल. निघण्यापूर्वीच यजमानांकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. चुकलातच तर जवळच्या पबमध्ये विचारा. गावातली घरं त्यांना नावानिशी ठाऊक असतात.

"आपल्यासारखंच डावीकडून तर चालवायचं"

हा आत्मविश्वास महागात पडतो. भारतीय परवान्यावर 12 महिने गाडी चालवता येते, तो प्रश्न नाही. प्रश्न आहे तो डेव्हनमधल्या गल्लीवजा रस्त्यांचा. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणझाडी आणि मधे जेमतेम एका गाडीची जागा. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ दिसली म्हणजे अशा रस्त्यावर मर्यादा ताशी 60 मैल. ती मर्यादा आहे, आग्रह नव्हे! समोरून गाडी आली आणि एकमेकांना वाट देण्यासाठीची रुंद जागा तुमच्या डाव्या हाताला असेल तर तिच्यात शिरा. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा, समोरच्याला शिरू द्या. जागा मागे राहिली असेल तर निमूट रिव्हर्स घ्या. हॉर्न वाजवू नका. घोडेस्वार दिसला तर वेग ताशी 10 मैलांच्या आत आणि अंतर किमान 2 मीटर.

घरात शिरल्यावर

बॅगेतून साजूक तूप, पेढे, बर्फी नेऊ नका. भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. मेतकूट आणि गोडा मसाला न्या, त्यांचं स्वागत जास्त होतं.

आमटीला फोडणी देण्याआधी खिडकी उघडा आणि चिमणीचा पंखा लावा, नाहीतर स्मोक अलार्म सगळ्या घराला उठवेल. वाजलाच तर सेन्सर ओढून काढू नका, दार उघडून त्याखाली टॉवेल हलवा. अनेक घरांचं सांडपाणी स्वतःच्या सेप्टिक टँकमध्ये जातं. तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये किंवा वेट वाइप्स कमोडमध्ये टाकलेत, तर तुम्ही परतल्यावर भाच्याला टँकरवाला बोलवावा लागतो. गरम पाण्याची टाकी असेल तर चौघांनी लागोपाठ अंघोळी करू नका.

बाहेर जेवायचं तर दुपारी दोनच्या आत पब गाठा, कित्येक ठिकाणी त्यानंतर स्वयंपाकघर बंद होतं. मोठी सुपरमार्केटं रविवारी सहा तासच उघडी असतात.

फिरताना खांबावर किंवा फाटकावर दिसणारा पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. ती शेतातून गेली तरी बिनधास्त जा. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवा. वासरांसह गाई असतील तर लांबून वळसा घाला. तिथल्या गाई गोठ्यातल्या कपिलेसारख्या कुरवाळून घेत नाहीत.