टॉमकॅट ८० पोर्टवर, तोही रूटशिवाय

लिनक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट उघडायला रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी युझरचे, अधिकार लागतात, म्हणून टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर निमूटपणे ८०८० वर बसतो. ८० या एचटीटीपीच्या नेहमीच्या पोर्टसाठी अख्खा सर्व्हर रूटने चालवू नका. ॲपमध्ये एक भोक सापडलं की मशीनच हातातून गेलं.

टॉमकॅटची सर्व्हिस सिस्टमडीवर (लिनक्समध्ये सर्व्हिसेस सुरू-बंद करणारी यंत्रणा) असेल तर काम सोपं आहे. युनिट फाइलच्या सर्व्हिस विभागात युझर साधाच ठेवा आणि ‘ॲम्बियंट कॅपॅबिलिटीज’ या सेटिंगला ‘कॅप नेट बाइंड सर्व्हिस’ (फक्त खालचे पोर्ट उघडण्याचा अधिकार) ही किंमत द्या. मग डीमन-रीलोड, म्हणजे सिस्टमडी बदललेली फाइल पुन्हा वाचेल. टॉमकॅटच्या सर्व्हर एक्सएमएलमध्ये कनेक्टरचा पोर्ट ८० करा. शेजारीच रीडायरेक्ट पोर्ट ८४४३ दिसेल. एचटीटीपीएस ४४३ वर आणणार असाल तर तोही बदला, नाहीतर ब्राउझर बंद दारावर जाऊन आपटतो. आता रीस्टार्ट.

सेटकॅप या कमांडने थेट जावाच्या बायनरीलाच (चालणाऱ्या प्रोग्रॅम फाइललाच) ही परवानगी देण्याचा उपाय सर्रास सांगतात. मला तो पटत नाही. ती बायनरी चालवणाऱ्या प्रत्येकालाच मग हा अधिकार मिळतो. शिवाय अशा बायनरीसाठी लोडर लायब्ररीचे सापेक्ष पाथ मानत नाही, त्यामुळे कधीकधी ‘लिबजेएलआय’ ही जावाची लायब्ररी सापडत नाही म्हणत जावा सुरूच होत नाही. जेडीके (जावाचं पॅकेज) अपडेट झालं की परवानगी गायब, ते वेगळंच.

सिस्टमडी नसलेलं जुनं मशीन? आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलच्या नॅट टेबलमध्ये, प्रीराउटिंग चेनला (बाहेरून येणाऱ्या ट्रॅफिकचे नियम), ८० वरून ८०८० कडे रीडायरेक्ट लावा. फक्त तपासताना कर्ल (कमांडवरून वेब पेज मागवणारं टूल) दुसऱ्या मशीनवरून मारा. त्याच मशीनवरची ट्रॅफिक प्रीराउटिंगमधून जात नाही, तिला आउटपुट चेनमध्ये वेगळा नियम लागतो.