कोल्हापुरी साजाच्या पानाला कडी जोडताना ज्योत कुठे धरायची?

करवत आणि कानस हाताला बसली की पुढची खरी परीक्षा सांध्याची. साजाचं पान, म्हणजे या हारातलं पदक, जाड; कडी बारीक. ज्योत दोन्हींवर सारखी धरली, तर पान तापायच्या आतच कडीचा गोळा होतो. म्हणून ज्योत पानाभोवती फिरवत राहा, कडीकडे अगदी शेवटी या. सोल्डर, म्हणजे सांधा जोडणारा लवकर वितळणारा धातू, तापलेल्या धातूकडे धावतं, हे पक्कं लक्षात ठेवा.

नजर सांध्याला लावलेल्या टाकणखारावर (बोरॅक्सवर) हवी. आधी तो पांढरा फुगतो, मग बसतो, काचेसारखा होतो. त्यानंतर सांध्यावर चकाकती रेघ सरकली, की त्याच क्षणी ज्योत काढा. ९२.५ टक्क्यांची चांदी साधारण ८०० अंश सेल्सिअसला वितळू लागते, त्यामुळे हाताशी वेळ फार नसतो.

फट आधीच कानशीने मिटवा. सोल्डर फट बुजवत नाही. सांधे अनेक असतील तर जास्त तापमानाला वितळणारं सोल्डर आधी वापरा. रेडिओ दुरुस्तीचं शिशाचं सोल्डर मात्र चांदीजवळ आणूच नका, पुन्हा तापवल्यावर शिसं चांदीत खड्डे पाडतं.

सराव तांब्याच्या तारेवर करा. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, किंवा चांदीकामाच्या हुपरीत ओळखीचा कारागीर असेल, तर तासभर शेजारी बसून त्याची ज्योत कशी फिरते तेवढंच बघा.