मीठ फुटलेल्या रानात फळझाडं लावायची असतील तर

सांगली-कोल्हापूरकडच्या वाळवा, मिरज, शिरोळ या पट्ट्यात वर्षानुवर्षं उसाला पाटानं भरमसाठ पाणी देऊन नदीकाठची काळीभोर रानं क्षारपड झालीत, उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटतं, ऊस गुडघ्याच्या वर जात नाही आणि मग घरात विषय निघतो की फळबाग लावूया का. लावा की, येते फळबाग. पण रोपं आणायच्या आधी दोन कामं करा, नाहीतर महागाची कलमं दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतात.

पहिलं काम माती तपासणं, आणि नुसती वरची वितभर माती देऊ नका. एक फूट, दोन फूट, तीन फूट असे वेगवेगळे नमुने घ्या, आणि उन्हाळ्यातच घ्या, कारण पावसाळ्यात मीठ खाली गेलेलं असतं आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणीपण तपासा. रिपोर्टमध्ये सामू (पीएच), ईसी (विद्राव्य क्षार किती ते सांगणारा आकडा) आणि ईएसपी (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं टक्क्यातलं प्रमाण) बघायचं. ईसी ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर पण सामू ८.५ च्या आत आणि ईएसपी १५ च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त, आणि ईएसपी १५ च्या वर, सामू ८.५ च्या वर असेल तर चोपण. यातला ४ चा आकडा संपृक्त अर्काचा, म्हणजे माती पाण्यानं पूर्ण भिजवून काढलेल्या अर्काचा आहे बरं का, बऱ्याच लॅब एक भाग माती अडीच भाग पाणी करून ईसी काढतात, त्यात आकडा बराच कमी दिसतो, म्हणून कुठल्या पद्धतीनं काढलाय ते विचारून घ्या.

हा फरक कळला की पैसे वाचतात. नुसती क्षारयुक्त जमीन असेल तर जिप्सम टाकून काही होत नाही, ते मीठ गोड्या पाण्यानं धुऊन खालून बाहेर काढायचं असतं. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो, पाणी मुरतच नाही, तिथं जिप्सममधलं कॅल्शियम त्याला सोडवतं आणि मग धुवायचं.

दुसरं काम निचरा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच. उन्हाळ्यात खड्डा खणून चार-पाच फुटावर पाणी लागत असेल तर आधी चर काढा, जमलं तर शेजाऱ्यांना घेऊन सच्छिद्र पाइप टाका, कारण एकट्याच्या रानातलं पाणी सोडायला पुढं ओढा किंवा नाला लागतोच. भूजल वर असेल तर ते मातीतून वर चढतं, उन्हानं उडून जातं, मीठ मागं राहतं. मग कितीही धुवा, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

आता झाडं. बोर सगळ्यात वर. ते मीठ सोसतं हे तर आहेच, पण एप्रिल-मेमध्ये जेव्हा मीठ सगळ्यात जास्त वर येतं तेव्हा बोर पानं टाकून विश्रांतीत असतं, छाटणीपण तेव्हाच होते, त्यामुळं त्याला तेव्हा पाणी फारसं लागत नाही. गावठी बोराचं बी जागेवरच लावा आणि पुढच्या वर्षी त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरून कलम करा, सोटमूळ मोडत नाही, खोल जातं. चोपण रानात आवळा बरा, चिंच आणि कवठपण तग धरतात. चिकू चालतो पण खिरणीच्या झाडाच्या खुंटावर बांधलेलंच कलम घ्या, आणि सुरुवातीची वर्षं तो हळू वाढतो, धीर धरायला लागतो. पेरू मध्यम मिठाला चालतो. डाळिंबाबद्दल सांभाळून, मीठ थोडंफार सोसतं पण भारी काळ्या ओल्या रानात मर रोग लागतो, निचरा पक्का असेल तरच. आंबा, पपई, केळी, लिंबू, संत्रं या रानात नकोच.

चोपण जमिनीत नेहमीसारखा मोठा चौकोनी खड्डा घेऊ नका. चांगल्या मातीनं भरलेला खड्डा भोवतीच्या चिकट रानात बादलीसारखा पाणी धरून बसतो. त्यापेक्षा ऑगरनं (भोक पाडायच्या गिरमिटानं) वीतभर रुंद आणि साधारण चार फूट खोल भोक पाडा, निघालेल्या मातीत ३ ते ५ किलो जिप्सम आणि ८ ते १० किलो शेणखत मिसळून परत भरा, मे महिन्यात हे करून पाणी द्या आणि चांगले दोन पाऊस झाल्यावर लावा. भूजल वर असेल तर गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) लावायचं, मोकळ्या पाटानं पाणी देत असाल तर रोप वाफ्याच्या माथ्यावर नको, उतारावर हवं, मीठ माथ्यावर गोळा होतं.

खोडाभोवती उसाचं पाचट जाड अंथरा, उन्हानं पाणी कमी उडतं आणि मीठ वर येत नाही. ओळींच्या मध्ये पहिली दोन वर्षं धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक करून फुलायच्या आधी गाडा. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश घेऊ नका, त्यात क्लोराइड असतं, सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, महाग आहे तरी. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर फेरस सल्फेटची फवारणी करा, आणि जुन्या पानांच्या कडा करपायला लागल्या तर खताकडं नाही, आधी पाण्याकडं आणि निचऱ्याकडं बघा.

ड्रिप असेल तर मीठ ओलाव्याच्या कडेला जाऊन बसतं, म्हणून उन्हाळ्यानंतर पहिला हलका पाऊस पडला की ड्रिप बंद करू नका, चालूच ठेवा, नाहीतर ते कडेचं मीठ थेट मुळांत उतरतं, आणि जोरदार पाऊस होऊन पाणी चरातून वाहायला लागलं की मग बंद करा.